लिस्बनच्या कामाला जोडून नाझारे: रजेच्या अर्जापासून राक्षसी लाटांपर्यंत

लिस्बनमध्ये २०१६ पासून दर नोव्हेंबरात वेब समिट ही तंत्रज्ञान परिषद भरते. त्या निमित्ताने, किंवा एखाद्या क्लायंटच्या कामासाठी, पुण्या-मुंबईहून लिस्बनला जाणं होतं, चार दिवस सभागृहात जातात आणि पाचव्या दिवशी माणूस परतीच्या विमानात बसतो. नेमक्या त्याच दिवसांत लिस्बनच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, नाझारे या कोळ्यांच्या गावासमोर, जगातल्या सगळ्यांत उंच लाटांचा मोसम सुरू झालेला असतो. दौऱ्याला तीन दिवस जोडले की नाझारे नीट बघून होतं.

लिस्बनजवळच काश्काइश आहे, मग एवढ्या लांब कशाला, असं कुणी म्हणेल. काश्काइश सुंदरच आहे, पण काइश दो सोद्रे स्थानकातून लोकलने चाळीस मिनिटांत पोहोचता येतं. काम आटोपून संध्याकाळी जाऊन येण्यासारखं ते ठिकाण आहे, त्यासाठी रजा खर्च करू नये. नाझारेला मुक्काम लागतो, कारण तिथला समुद्र तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही.

आधी ऑफिसातली कामं

तिकीट निघण्यापूर्वी मॅनेजर आणि एचआर या दोघांची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘हो, जाऊन ये’ पुरेसं नसतं, कारण पुढे व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं आणि त्यात रजेच्या तारखा स्पष्ट हव्या असतात. मेलमध्ये चार गोष्टी लिहा: कामाचे दिवस कोणते, रजेचे दिवस कोणते, विमानाच्या भाड्यात फरक पडल्यास तो कोण भरणार, आणि कामाचा भत्ता व हॉटेल कोणत्या तारखेला संपणार.

भाड्याचा फरक हा वादाचा नेहमीचा मुद्दा. त्यावर सोपा उपाय आहे. ज्या दिवशी ट्रॅव्हल डेस्क तिकीट काढणार, त्याच दिवशी त्याच विमान कंपनीचे दोन्ही परतीच्या तारखांचे दर पाहा, स्क्रीनशॉट घ्या आणि परवानगीच्या मेलला जोडा. नंतर काढलेली तुलना कामाची नसते, कारण दर रोज बदलतात. अनेकदा परिषद संपल्याच्या रात्रीचं तिकीट महाग असतं आणि तीन-चार दिवसांनंतरचं स्वस्त. मग प्रश्नच मिटतो. उलट असेल तर फरक स्वतः भरायचा आणि तसं आधीच लिहून द्यायचं.

वाढीव दिवसांत ‘तिथूनच काम करतो’ असं ठरवू नका, सरळ रजा टाका. परक्या देशात बसून नियमित काम करण्यात व्हिसाच्या अटी, कर आणि कंपनीची जबाबदारी असे तिन्ही प्रश्न येतात. एचआर त्याला सहसा मान्यता देत नाही आणि त्यात चर्चेचे आठवडे जातात. एखादा तातडीचा फोन घ्यावा लागलाच तर हिवाळ्यात भारत पोर्तुगालच्या साडेपाच तास पुढे असतो. म्हणजे भारतातलं ऑफिस सुटतं तेव्हा तिथे जेमतेम दुपार झालेली असते, आणि त्यानंतर फोन शांत राहतो.

कंपनीचा प्रवास विमा तपासा. बऱ्याच पॉलिसी कामाचा शेवटचा दिवस संपला की थांबतात. तसं असेल तर वाढीव दिवसांचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो व्हिसाच्या आधीच हातात हवा.

व्हिसा: एकही दिवस कमी मागू नका

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालेल, आणि त्या काळात एकूण किती दिवस राहता येईल. तारखांची मुदत बहुधा थोडी सैल दिलेली असते. ती पाहून लोकांना वाटतं की आठवडाभर आणखी राहता येईल. पण दिवसांचा आकडा ७ असेल तर आठव्या दिवशी तुम्ही बेकायदा राहत असता, तारीख कितीही पुढची असो. तिथे गेल्यावर सहलीसाठी मुदत वाढवून मिळत नाही. मुदतवाढ आजारपण, अनपेक्षित संकट अशा अपवादात्मक कारणांसाठीच असते.

म्हणून दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरा. रविवारी पोहोचून पुढच्या मंगळवारी निघालात तर ते १० दिवस होतात, ९ नाही. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नसल्याने मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं. फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसला बदललंत तर शेंगेनमधला प्रवेश तिथेच होतो आणि मोजणी तिथून सुरू होते. परतताना लिस्बनहून रात्री निघून फ्रँकफुर्टला मध्यरात्रीनंतर बाहेर पडल्याची नोंद होणार असेल, तर आणखी एक दिवस वाढतो. दुबईमार्गे गेलात तर आत-बाहेर दोन्ही नोंदी लिस्बनलाच होतात, हिशोब सोपा राहतो.

अर्जात मुख्य हेतू व्यवसाय हाच लिहा, कारण दौऱ्याचं मूळ कारण तेच आहे. शेवटच्या दिवसांतलं पर्यटन लपवू नका. सोबतच्या पत्रात तारीखवार मांडा: अमुक ते अमुक परिषद, लिस्बन, खर्च कंपनीचा, अमुक ते अमुक रजा, नाझारे, खर्च स्वतःचा. मग कागद या मांडणीशी जुळले पाहिजेत. आमंत्रणपत्रात परिषदेच्या तारखा, कंपनीच्या पत्रात त्या तारखा आणि मंजूर रजा, हॉटेलची आरक्षणं सगळ्या रात्रींची, तिकिटाची तारीख शेवटच्या दिवसाची, आणि स्वतःच्या खर्चासाठी तुमच्या बँकेचं स्टेटमेंट. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं आणि संपूर्ण मुक्कामाचं हवं. आमंत्रणपत्र पाच दिवसांचं, विमा सहा दिवसांचा आणि तिकीट दहा दिवसांनंतरचं, असा संच गेला की व्हिसा अधिकारी कमीत कमी दिवस देऊन मोकळा होतो. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. नोव्हेंबरच्या दौऱ्यासाठी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात अर्ज गेलेला बरा, कारण खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. बायको किंवा नवरा शेवटच्या दिवसांत येऊन मिळणार असेल तर त्यांचा अर्ज पर्यटनाचा, कागद वेगळे. तुमच्या कंपनीचं पत्र त्यांना लागू होत नाही.

व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून दिवसांचा आकडा वाचा. कमी आला असेल तर परतीचं तिकीट त्याप्रमाणे बदला.

दिवस कसे बसवायचे

परिषद गुरुवारी संपते असं धरू. शुक्रवारी सकाळी लिस्बन सोडा, शुक्रवार आणि शनिवार रात्र नाझारेत काढा, रविवारी संध्याकाळपर्यंत लिस्बनला परता आणि सोमवारी विमान पकडा. एक रात्र आणखी जोडता आली तर ती नाझारेतच जोडा. नाझारेहून थेट विमानतळ गाठायचा बेत मात्र करू नका. अटलांटिकची वादळं, वाहतुकीचे संप किंवा एखादी चुकलेली बस यांपैकी काहीही आडवं आलं की काही हजारांची हॉटेलची बचत लाखाच्या तिकिटावर येते.

कामाचं हॉटेल ज्या रात्री संपतं, त्या रात्रीच बिल बंद करून घ्या आणि पुढची एखादी लिस्बनची रात्र वेगळ्या आरक्षणावर ठेवा. एकाच बिलात दोन्ही आलं की लेखा विभाग ते परत पाठवतो. लिस्बनमध्ये माणशी दर रात्री ४ युरो पर्यटक कर लागतो. तो बिलात वेगळा दिसतो आणि कामाच्या रात्रींपुरता कंपनीकडे मागता येतो. मोठी बॅग, सूट आणि परिषदेत मिळालेलं सामान लिस्बनच्या हॉटेलात ठेवून जा. परत येऊन तिथेच राहणार असाल तर ते सहसा ठेवून घेतात. नाझारेतल्या चढावर आणि दगडी गल्ल्यांत चाकांची मोठी बॅग ओढणं हा निव्वळ त्रास आहे.

लिस्बनहून नाझारे

बसनेच जा. वेब समिट भरते तो भाग पार्क दास नासोंइश. तिथलं ओरिएंते स्थानक मेट्रोच्या लाल मार्गावर आहे. लाल मार्गाने शेवटच्या साओ सेबास्तियाओ स्थानकापर्यंत या, निळा मार्ग पकडा, रेबोलेइराच्या दिशेला दुसरं स्थानक जार्दिं झूलॉजिको. बाहेर पडलं की सेते रियोसचा बस तळ. तिथून रेदे एक्सप्रेसोसच्या बसेस सुटतात आणि साधारण दोन तासांच्या आत नाझारेला पोहोचवतात. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. परतीचं, विशेषतः रविवार संध्याकाळचं, जातानाच काढून ठेवा. आठवडाअखेर घरी आलेली मुलं त्याच गाड्यांनी लिस्बनला परततात.

रेल्वेच्या नादी लागू नका. जवळचं स्थानक वालादो दोस फ्रादेस गावापासून सुमारे सहा किलोमीटरवर आहे आणि तो मार्ग संथ आहे.

दोघं-तिघं असाल आणि आजूबाजूची गावंही पाहायची असतील तर गाडी भाड्याने घेण्यात अर्थ आहे. ए-८ महामार्गाने दीड तासाच्या आत पोहोचता. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, मूळ परवानाही सोबत ठेवा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. गिअरची सवय डाव्या हाताची असलेल्यांनी ऑटोमॅटिक मागावी, ती थोडी महाग मिळते. टोलनाक्यावर हिरव्या ‘व्ही’ची मार्गिका फक्त वीया वेर्दे, म्हणजे टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. यंत्र नसताना तिच्यातून गेलात तर दंडासकट बिल कार्डावर येतं. गाडी घेतानाच यंत्र आहे का आणि चालू आहे का हे विचारा.

गाव डोक्यात बसवा

नाझारे तीन पातळ्यांवर आहे. खाली समुद्रालगत प्राया: वाळूचा रुंद अर्धचंद्र, त्यामागे अरुंद गल्ल्या, हॉटेलं, खानावळी, बस तळ. उत्तरेला शंभर मीटरहून उंच सरळसोट कडा आणि त्याच्या माथ्यावर सीतिओ: देवस्थान, चौक, दीपगृहाकडे जाणारा रस्ता. आग्नेयेच्या टेकडीवर जुनं पेदेर्नेइरा गाव. खालून वर जायला आसेन्सोर, म्हणजे रुळांवरून चढणारा डबा. तो १८८९ मध्ये सुरू झाला, मार्ग ३१८ मीटरचा आणि चढ ४२ टक्के. दुरुस्तीसाठी तो वर्षात काही दिवस बंद असतो. तेव्हा बस, टॅक्सी किंवा कड्यावरची पायवाट आहे. पायवाटेने चढायला वीसेक मिनिटं धरा.

मुक्काम खाली प्रायात घ्या. नोव्हेंबरात खोल्या सहज मिळतात. समुद्रासमोरच्या रस्त्यावर आजही काही वयस्कर बाया खोली भाड्याने देण्याच्या पाट्या हातात धरून बसतात. खोली पाहून, नोंदणीची ‘ए एल’ अशी पाटी दारावर आहे याची खात्री करून, मग दर ठरवा. पण व्हिसासाठी दाखवायचं आरक्षण आधीच केलेलं असणार, त्यामुळे तीच खोली ठेवणं सोयीचं. खोलीत हीटर आहे का हे विचारून घ्या. जुन्या घरांत भिंती गार आणि दमट असतात, आणि नोव्हेंबरातली बाहेरची १२-१३ अंशांची रात्र आत जास्त बोचते.

सीतिओच्या चौकात कड्याच्या अगदी कडेला एर्मिदा दा मेमोरिया हे चिमुकलं देऊळ आहे, आतून निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेलं. ११८२ मध्ये दों फुआस रूपिन्यो हा सरदार धुक्यात हरणामागे घोडा फेकत कड्याच्या टोकापर्यंत आला आणि नाझारेच्या माउलीचा, म्हणजे मेरी मातेचा, धावा केल्यावर घोडा जागीच थबकला, अशी आख्यायिका आहे. मोठं देवस्थान चौकाच्या दुसऱ्या बाजूला. वास्को द गामा इथे दर्शनाला आल्याची परंपरा सांगतात आणि त्याच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभही चौकात उभा आहे. ज्या किनाऱ्यावरून निघालेली गलबतं पुढे गोव्याला आणि वसईला पोहोचली, त्या किनाऱ्याची माणसं समुद्रावर जाण्याआधी कुठे हात जोडत होती, ते इथे दिसतं. पाच मिनिटांत फोटो काढून निघू नका.

लाट: अंदाज वाचायला शिका

नाझारेची लाट एवढी उंच का, हे समजलं की अंदाजातले आकडे आपोआप वाचता येतात. गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे. दोनशे किलोमीटरहून लांब, खोल समुद्राकडच्या टोकाला जवळपास पाच किलोमीटर खोल, आणि तिचं दुसरं टोक किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन संपतं. लाट खोल पाण्यात वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते. त्यामुळे वायव्येकडून आलेल्या एकाच लाटेचे दोन भाग पडतात: दरीवरचा भाग पुढे सटकतो आणि उत्तरेकडे वळतो, शेजारच्या उथळ तळावरचा भाग मागे राहतो. प्राया दो नोर्ते या उत्तरेकडच्या किनाऱ्यासमोर हे दोन्ही भाग एकमेकांवर येऊन आदळतात आणि त्यांची उंची एकत्र होते. त्यात किनाऱ्यालगत उत्तरेकडून येणारा पाण्याचा प्रवाह लाटेच्या पायथ्याशी धडकतो आणि तिला आणखी उभी करतो. गावाच्या पुळणीवर, कड्याच्या दक्षिणेला, त्याच वेळी बरीच साधी लाट असते. एका कड्याच्या दोन बाजूंना दोन समुद्र!

म्हणून अंदाजात चार आकडे बघायचे. लाटेची उंची: खुल्या समुद्रात ४-५ मीटर किंवा अधिक. हा आकडा उंच लाटांच्या सरासरीचा असतो, एखादी लाट त्याहून बरीच मोठी येते आणि किनाऱ्याशी ती आणखी वर चढते. दुसरा आकडा दोन लाटांमधल्या अंतराचा, सेकंदांत, आणि नवखे लोक नेमका हाच बघत नाहीत. ८-१० सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने खवळलेलं पाणी; उंची मोठी असली तरी नाझारेला ते नुसतं फेसाळतं. १४-१५ सेकंदांच्या वर गेलं की दूरच्या वादळातून आलेली, खोलवर शक्ती असलेली लाट आहे असं समजा. अशाच लाटेला तळातली दरी ‘लागते’. तिसरा आकडा दिशा: पश्चिम ते वायव्य. चौथा वारा: मंद आणि जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वाहणारा असेल तर लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि सर्फर पाण्यात उतरतात. समुद्रावरून जोराचा वारा असेल तर लाटा मोठ्या असूनही पाण्यात कुणी नसतं.

पोर्तुगालच्या हवामान आणि समुद्र संस्थेचं, आयपीएमएचं, संकेतस्थळ आणि विंडगुरू या दोन्हींवर हे आकडे मिळतात. सात दिवसांपुढचा अंदाज नुसता कल दाखवतो. तीन-चार दिवसांवर आला की विश्वास ठेवता येतो. म्हणजे सोमवारपासून परिषदेच्या चहाच्या सुट्टीत एकदा बघत राहा आणि मंगळवारी-बुधवारी ठरवा की शनिवारची सकाळ दीपगृहावर घालवायची की रविवारची. जवळचा अलकोबासाचा मठ आणि बाकीचं सगळं उरलेल्या दिवशी. आधीच तासवार बेत आखून गेलेली माणसं बरोबर लाटेच्या वेळी मठात असतात. इथली मोठी सर्फिंग स्पर्धादेखील तारीख ठरवून होत नाही. हिवाळाभर वाट पाहून, दोन-तीन दिवस आधी जाहीर करून घेतली जाते.

आता उभं कुठे राहायचं. सीतिओच्या चौकातला सुबेर्को हा प्रसिद्ध कठडा दक्षिणेकडे, गावाच्या पुळणीकडे बघतो. तिथून राक्षसी लाट दिसत नाही, आणि तिथेच थांबून ‘एवढं काही नाही’ म्हणत परतणारे पुष्कळ. चौकातून दीपगृहाच्या रस्त्याने उतरत सुमारे एक किलोमीटर चाला. वाटेत हरणाचं शिर आणि हातात सर्फबोर्ड असा मोठा पुतळा लागतो. शेवटी साओ मिगेल किल्ला, बांधणी १५७७ ची, आणि त्याच्यावर लाल रंगाचं दीपगृह. किल्ल्याच्या गच्चीला किरकोळ तिकीट आहे. आत सर्फरांनी दिलेल्या बोर्डांचं दालन आणि तळातल्या दरीची माहिती आहे, ती आधी बघून घ्या. गच्चीवरून लाट बाजूने, अगदी जवळून दिसते. ते प्रसिद्ध छायाचित्र, दीपगृहावरच्या माणसांमागे उठलेली पाण्याची भिंत, ते रस्त्याच्या वरच्या उतारावरून टिपलेलं असतं. दोन्ही जागा करा, आधी उतार.

नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. सकाळी वारा बहुधा कमी असतो आणि प्रकाश पाठीमागून मिळतो, त्यामुळे आठ वाजता जागेवर असलेलं चांगलं. मोठ्या लाटेच्या दिवशी दीपगृहाकडे गाड्या सोडत नाहीत, सीतिओतही पार्किंग मिळत नाही. गाडी खाली ठेवून वर चढा.

नुसतं पाणी बघून उंची कळत नाही. पाण्यात जेट-स्की दिसली की पहिल्यांदा अंगावर काटा येतो, कारण तोवर डोळ्यांना मापच नसतं. म्हणून छोटी दुर्बीण न्याच. सर्फर गॅरेट मॅकनामाराने इथे नोव्हेंबर २०११ मध्ये ७८ फुटांची लाट घेतली आणि नाझारे जगाला माहीत झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये माया गाबेइराने साडेत्र्याहत्तर फुटांची घेतली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सेबास्टियन स्टॉइट्नरने ८६ फुटांची. मोबाइलचा कॅमेरा उतारावरच्या व्यापक दृश्याला पुरतो. सर्फर टिपायचा असेल तर ३०० मिलिमीटरच्या आसपासचं भिंग लागतं. खारे तुषार वर माथ्यापर्यंत येतात, लेन्स पुसायला दोन-तीन सुकी फडकी ठेवा.

उताराची कडा मातीची आहे आणि पावसात ती सुटते. लोक जिथे उभे आहेत त्याच्या पुढे जाऊ नका, दोरी किंवा पाटी असेल तर तिच्या आत राहा. प्राया दो नोर्तेच्या वाळूवर मोठ्या लाटेच्या दिवशी उतरू नका. तीन-चार लाटा दूर संपतात आणि पाचवी पायाखालची वाळूच ओढून नेते. त्या किनाऱ्यावर पोहणं शांत दिवशीही नको.

छत्री निरुपयोगी, वाऱ्यात पहिल्याच झटक्याला उलटते. टोपी असलेलं जलरोधक जाकीट, आत एक लोकरी थर, आणि खाच असलेल्या तळव्यांचे बूट. परिषदेचे चामडी बूट चिखलात घालायचे नाहीत.

वाळूवरची मासळी आणि ताटातलं जेवण

गावाच्या पुळणीच्या दक्षिण टोकाकडे चाललात की वाळूवर लाकडी चौकटींच्या रांगा दिसतात. चौकटीवर जाळं ताणलेलं, आणि त्यावर पोटातून चिरून पुस्तकासारखे उघडलेले मासे. मुख्य मासा कारापाऊ, आपल्या बांगड्याच्या जवळपासच्या आकाराचा. बाया मासा साफ करतात, धुतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि उन्हा-वाऱ्यावर वाळवतात. दोन-तीन दिवस सुकलेला कडक. तासा-दोन तासांत काढलेला, अर्धवट सुकलेला, तो लगेच भाजून खायचा. कोकणात बोंबलांच्या वलांडी पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. मासे विकणाऱ्या बाईकडून आधी काहीतरी घ्या, मग फोटोसाठी विचारा. लोकरी ओढणी आणि एकावर एक घातलेले घागरे ही इथल्या बायांची रोजची वस्त्रं आहेत. परंपरेने ते सात म्हणतात. १९८० च्या दशकात बंदर होईपर्यंत होड्या थेट या वाळूवर ओढून आणत. त्या रंगीत होड्यांपैकी काही पुळणीवर मांडून ठेवल्या आहेत.

मासे खाणाऱ्यांनी काल्देइरादा मागवावं: तीन-चार प्रकारचे मासे, बटाटा, कांदा, टोमॅटो एकाच भांड्यात थरावर थर लावून शिजवतात. ते बहुधा दोघांसाठी असतं, म्हणून एकटे असाल तर भाजलेला मासा घ्या. भाव किलोवर असेल तर आधी मासा तोलून किंमत विचारा. दुपारी दिवसाच्या थाळीसारखा एक ठरावीक पदार्थ मिळतो, तो रात्रीच्या जेवणाच्या मानाने बराच स्वस्त. रात्री सात-साडेसाताआधी स्वयंपाकघर सुरू होत नाही.

बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज असं टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत पाठवा. न मागवलेल्या आणि हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत.

शाकाहारी माणसाची इथे थोडी परीक्षा आहे. हिरव्या पालेभाजीचं काल्दो वेर्दे सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजच्या चकत्या घालतात आणि अनेकदा शिजतंही त्यासोबतच. ‘सो वेजेतारियानो, नांव कोमो कार्ने नें पैश’ एवढं वाक्य पाठ करा (बाईने ‘वेजेतारियाना’ म्हणायचं): मी शाकाहारी आहे, मांस खात नाही आणि मासाही नाही. ‘मासाही नाही’ हे सांगावंच लागतं, नाहीतर ट्यूनाचं सॅलड हमखास समोर येतं. भात, उकडलेले किंवा तळलेले बटाटे, सॅलड, अंडं चालत असल्यास ऑम्लेट, एवढं कुठेही मिळतं. पास्तेल दे नाता या प्रसिद्ध गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. सोबत थेपले, चटणी, पोहे ठेवा आणि किटली असलेली खोली घ्या. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे.

लाट आलीच नाही तर

समुद्र शांत असेल तर खंत करत बसू नका. नाझारेपासून पंधरा किलोमीटरच्या आत अलकोबासाचा मठ आहे, ११५३ मध्ये स्थापन झालेला, १९८९ पासून जागतिक वारसा यादीत. आतलं गॉथिक देवालय उघडंबोडकं, पांढरं आणि अफाट उंच. त्यात राजा पेद्रो आणि त्याची प्रेयसी इनेश दे काश्त्रो यांच्या समोरासमोर ठेवलेल्या कबरी आहेत, त्यांवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघा. बस आहे, पण शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात. परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्या, नाहीतर टॅक्सी. गाडी असेल तर दक्षिणेला साओ मार्तिन्यो दो पोर्तोची जवळजवळ बंद, शिंपल्याच्या आकाराची खाडीही होते. लहान मुलं सोबत असतील तर पाणी पाहायला तीच जागा.

पैसे आणि परतीचा रस्ता

परिषद संपली की कंपनीचं कार्ड पाकिटात आत ठेवा, नाझारेत स्वतःचं वापरा. एटीएम मुल्तीबांको असं लिहिलेलंच निवडा. यंत्राने ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर युरोच निवडायचं, रुपयांच्या दरात त्यांचा नफा घातलेला असतो. छोट्या खानावळी आणि मासळीवाल्या बायांसाठी ५०-१०० युरो रोख पुरतात. बिल देताना कर क्रमांक विचारतात, ‘नांव’, म्हणजे ‘नाही’, म्हटलं की झालं. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये सहसा बसतात. लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॅप्टर लागतो. अडीअडचणीला ११२.

परतीच्या दिवशी, मुक्काम सेते रियोसच्या बाजूला असेल तर, विमानतळ मेट्रोने पाऊण तासाच्या आत येतो: निळ्या मार्गाने साओ सेबास्तियाओ, तिथून लाल मार्गाने थेट शेवटचं स्थानक. लिस्बन विमानतळावर युरोपबाहेरच्या पासपोर्टांची रांग लांबते, त्यामुळे साडेतीन तास हाताशी ठेवा. सुकी मासळी घेतली असेल तर ती हवाबंद पाकिटात, चेक-इन बॅगेत, आणि विमान कंपनीचा व आपल्या कस्टम्सचा नियम आधी पाहून.

घरी आल्यावर खर्चाचा दावा कामाच्या दिवसांपुरताच भरा, त्याला भाड्याच्या तुलनेचा तो स्क्रीनशॉट आणि रजेची मंजुरी जोडा. बोर्डिंग पास, नाझारेच्या हॉटेलचं बिल आणि बसची तिकिटं वेगळ्या पाकिटात जपून ठेवा. पुढच्या शेंगेन अर्जात मागच्या व्हिसाचे दिवस पाळल्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात.